लोकनेते भाऊसाहेब बांदोडकर : एक चरित्ररेखा

गोमंतकाच्या अर्वाचीन इतिहासात १९६१ सालचा १९ डिसेंबर हा दिवस जसा सुवर्णाक्षरांनी लिहिला गेला आहे, तसाच १९६३ सालच्या डिसेंबर महिन्याचाही मान मोठा आहे. पहिल्या दिवशी साडेचारशे वर्षांची परकीय सत्ता संपली. दुसऱ्या प्रसंगी गोमंतकीय माणसाने प्रथमच प्रौढ मताधिकाराने आपले सरकार निवडले. त्या सरकारचे धुरीणत्व ज्यांच्याकडे आले ते कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, अर्थात सर्वांचे भाऊसाहेब. आपल्या देवस्थानच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र का यावे, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात उभा राहील. ज्या माणसाने गोमंतकातील देऊळ, जमीन आणि गाव या तिहींच्या परस्परसंबंधांना नवे वळण लावले, त्याच्याविषयी महाजन घराण्यांनी स्वस्थचित्ताने विचार करणे हे आपल्याच इतिहासाचे वाचन आहे, हेच त्या प्रश्नाचे उत्तर होय.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे महाल हा नव्या काबिजादीचा भाग. तिसवाडी, बार्देश व सासष्टी हे जुन्या काबिजादीचे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेले होते, तर पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे आले. त्यामुळे तेथील देवळे, उत्सव, भजन-कीर्तनाची व मराठी वाचनाची परंपरा खंडित झाली नव्हती. बांदोडकर या आडनावात फोंडा महालातील बांदोडे गावाची खूण आहे. सोळाव्या शतकात सासष्टी व तिसवाडीतून आपली कुलदैवते ज्या अंत्रुज महालाच्या आश्रयाला आली, त्याच परिसरातील हे गाव. पुढे भाऊसाहेबांच्या राजकीय जीवनाशीही याच महालाचा निकटचा संबंध यावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

ज्या समाजात ते जन्मले तो आज गोमंतक मराठा समाज म्हणून ओळखला जातो. आपल्या मंदिरांचा इतिहास या समाजाला वगळून लिहिताच येणार नाही. पालखीपुढील गायन, चौकातील नृत्य, उत्सवातील वादन आणि दैनंदिन सेवा या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे मास्टर दीनानाथ ही नावे भारतभर गाजली, त्यांच्या कलेचे मूळ याच देवळांच्या चौकात आहे. परंतु सेवा करणाऱ्याला देवस्थानच्या कारभारात मत नव्हते, आणि समाजात त्याचे स्थान जन्मानेच ठरलेले होते. १८८६ सालच्या व त्यानंतर १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीने महाजनांचे हक्क कागदोपत्री निश्चित केले, तेव्हा ही विषमताही कागदावर कायम झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या समाजातील सुधारकांनी शिक्षणाच्या व संघटनेच्या बळावर आपली स्थिती पालटण्याचा निर्धार केला. भाऊसाहेबांचे बालपण व तारुण्य या जागृतीच्या काळात गेले. त्यांच्या पुढील कर्तृत्वाचा अर्थ उकलायचा तर ही पार्श्वभूमी दृष्टीआड करून चालणार नाही.

शालेय शिक्षण फारसे नसताही त्यांनी व्यापारात पाऊल टाकले आणि खाणउद्योगात जम बसवला. दुसऱ्या महायुद्धानंतर गोमंतकातील लोहखनिजाला परदेशात, विशेषतः जपानमध्ये, मागणी वाढली, तेव्हा ज्या मोजक्या हिंदू उद्योजकांनी संधी साधली त्यांत भाऊसाहेब होते. मात्र संपत्ती मिळाल्यावर त्यांनी आपल्या भोवतीच्या गरिबाकडे पाठ फिरवली नाही. विद्यार्थी, कलावंत, खेळाडू, अडलेला शेतकरी यांना त्यांच्याकडून मदत मिळे, आणि मुक्तीपूर्वीच त्यांच्या औदार्याची ख्याती खेडोपाडी पोहोचली होती. नेतृत्वाची पायाभरणी सभांमधून होण्यापूर्वी ती अशा देण्यातून झाली होती.

मुक्तीनंतर गोमंतकाचे राजकारण नव्याने उभे राहायचे होते. गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला, त्याला तीस सदस्यांची विधानसभा मिळाली. त्यांत गोव्याचे अठ्ठावीस आणि दमण व दीवचे प्रत्येकी एक. भारतभर काँग्रेसचा दबदबा होता आणि येथेही तोच पक्ष सत्तेवर येईल, असा जाणकारांचा होरा होता. परंतु गावातील कुळांना, शेतमजुरांना, कारागिरांना आणि बहुजन समाजाला त्या पक्षाच्या उमेदवारांत आपले प्रतिबिंब दिसेना. जुने जमीनदार व प्रतिष्ठित घराणीच पुन्हा पुढे येत आहेत, अशी त्यांची भावना झाली. या भावनेला १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने वाचा फोडली. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, मराठी भाषेचा पुरस्कार आणि कसेल त्याला जमिनीचा आधार, ही त्याची त्रिसूत्री होती. सिंह हे त्याचे निशाण होते. त्याच्या समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त गोवन्स पक्ष उभा राहिला. गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व हे त्याचे ब्रीद होते.

भाऊसाहेबांनी या नव्या पक्षाला केवळ आर्थिक पाठबळ दिले असे समजणे चुकीचे ठरेल. खेड्यातील मनुष्य ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत बोलणारा, त्याच्या ओसरीवर बसणारा पुढारी पक्षाला हवा होता. तो त्यांच्या रूपाने लाभला. ९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. महाराष्ट्रवादी गोमंतक व त्याचे मित्र यांना मिळून सोळा, तर संयुक्त गोवन्स पक्षाला बारा जागा मिळाल्या. गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. लोकसभेच्या दोन जागांपैकी एका जागी प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस, तर दुसऱ्या जागी मुकुंद शिंक्रे निवडून आले. विलीनीकरणाच्या बाजूने एक ख्रिस्ती नेता निवडून यावा, यावरून तो प्रश्न निव्वळ धर्माचा नव्हता हे स्पष्ट होते.

भाऊसाहेबांनी स्वतः ही निवडणूक लढवली नव्हती. तरीही विजयी पक्षाने नेतेपदासाठी त्यांच्याकडेच पाहिले आणि २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. नंतर फोंडा तालुक्यातील मडकई मतदारसंघातून पोटनिवडणुकीने ते विधानसभेत आले. पुष्कळ नेते आधी आमदार, मग मंत्री आणि अखेरीस पक्षाचे धुरीण होतात. भाऊसाहेबांचा क्रम याहून वेगळा होता. पक्षाची धुरा आधी त्यांच्या खांद्यावर आली, आणि सभागृहातील कामकाजाचे धडे त्यांनी सत्तेवर असतानाच गिरवले. समोर विधानसभेत उच्चविद्याविभूषित, पोर्तुगीज व इंग्रजी भाषांत पारंगत विरोधक बसले होते. अल्पशिक्षित मुख्यमंत्री त्यांच्यापुढे टिकणार नाही, अशी अनेकांची अटकळ होती. मनुष्यस्वभावाची पारख, गावाच्या प्रश्नांची प्रत्यक्ष माहिती आणि निर्णयाची धमक या तीन गुणांच्या बळावर त्यांनी ती अटकळ खोटी पाडली.

शासनात त्यांचे पहिले लक्ष जमिनीकडे गेले. १९६४ साली कृषी कुळवहिवाटीचा कायदा संमत झाला. कुळाला मनमानीपणे काढून टाकण्यास आळा बसला व खंडाला कायद्याची मर्यादा पडली. या कायद्याने महाजन घराण्यांच्या आणि देवस्थानांच्या उत्पन्नाला धक्का बसला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरांचा संसार कुळांच्या खंडावर चाले, ज्या देवळांची नैवेद्य-नंदादीपाची व्यवस्था भातशेतीच्या उत्पन्नावर होती, त्यांना अडचणी आल्या आणि कित्येक घरांत भाऊसाहेबांविषयी कटुता राहिली. ती भावना खोटी नव्हती. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळणाऱ्या कुळाला उद्याची शाश्वती नव्हती. मालकाची मर्जी फिरली तर त्याचे घरदार उघड्यावर पडे. ज्याच्या कष्टावर देवाचा नैवेद्य शिजला त्याला निश्चिंत झोप मिळू लागली, याला देवाच्या दारी तरी अन्याय म्हणता येणार नाही. कुळांना मालकी देणारी दुरुस्ती १९७६ साली आणि मुंडकारांच्या घरांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात झाला. तथापि त्या दिशेचे पहिले पाऊल त्यांचेच.

दुसरे लक्ष शिक्षणाकडे. पोर्तुगीज आमदानीत सरकारी शाळांतून पोर्तुगीज भाषा शिकवली जाई. मराठीचे शिक्षण देवळांच्या अग्रशाळांत, ओसऱ्यांवर आणि दानशूर गृहस्थांच्या खर्चाने चालणाऱ्या खासगी शाळांत मिळे. मराठी जिवंत ठेवण्याचे हे श्रेय महाजन घराण्यांचे आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्यास प्रत्यवाय नाही. तथापि या शाळांपर्यंत सर्वांची मुले पोहोचत नव्हती. भाऊसाहेबांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि कुळवाड्याचा मुलगा व मुलगी पाटी घेऊन बाकावर बसली. देवळाच्या आश्रयाने जे बीज टिकले होते, ते शासनाने शेतभर पेरले, असे म्हटले तर दोघांनाही न्याय होईल.

त्यांच्या राजकीय जीवनातील कसोटीचा प्रसंग म्हणजे जनमत कौल. २२ जानेवारी १९६५ रोजी विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. महाराष्ट्र विधानसभेनेही तसाच ठराव केला. म्हैसूर राज्याने मात्र त्याला विरोध दर्शवला. प्रश्न चिघळत गेल्यावर केंद्र सरकारने थेट गोमंतकीय मतदारांना विचारण्याचे ठरवले. सत्तेवर विलीनीकरणवादी मंत्रिमंडळ असता कौल निःपक्षपाती कसा होणार, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. तेव्हा भाऊसाहेबांनी डिसेंबर १९६६ मध्ये मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. हातची सत्ता सोडून लोकांच्या निवाड्याला सामोरे जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी निशाणे होती. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. चौतीस हजार एकवीस मतांच्या फरकाने गोव्याने आपले वेगळेपण राखले. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांनी विलीनीकरणाला साथ दिली, तर सासष्टीने त्याविरुद्ध मोठ्या प्रमाणावर मतदान केले. हिंदू समाजही एका बाजूला नव्हता. दैनिक ‘गोमन्तक’ विलीनीकरणाचा पुरस्कार करीत होता, तर मराठीतूनच निघणारे ‘राष्ट्रमत’ त्याविरुद्ध लोकमत जागवीत होते. एकाच घरात थोरला भाऊ फुलाचा आणि धाकटा दोन पानांचा, एकाच देवळाच्या सभामंडपात दोन्ही बाजूंचे महाजन, अशी त्या वेळची स्थिती होती. जत्रेत मात्र दोघांनी एकाच पालखीला खांदा दिला, हे आपल्या परंपरेचे बळ.

पक्षाचे मुख्य ध्येयच लोकांनी नाकारल्यावर पक्ष आणि त्याचा नेता संपला, असे पुष्कळांना वाटले. भाऊसाहेबांनी कौल शिरोधार्य मानला. आणि मग आश्चर्य घडले. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. संयुक्त गोवन्स पक्ष बारांवर राहिला. एप्रिलमध्ये भाऊसाहेब दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कौलात प्रत्येक मत सारखे मोजले गेले आणि सासष्टीतील मोठ्या मताधिक्याचा प्रभाव पडला. विधानसभेत मतदारसंघनिहाय गणित वेगळे होते. पण याहून महत्त्वाचे कारण असे की, गोव्याने कोठे राहावे आणि गोव्यात राज्य कोणी करावे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे मतदाराला उमगले होते. पहिल्यात भाऊसाहेबांशी मतभेद असलेला मनुष्यही दुसऱ्यात त्यांच्यावर विश्वास टाकण्यास तयार होता. कुळाला संरक्षण देणारा आणि मुलांना शाळा देणारा नेता तो गमावू इच्छीत नव्हता.

पुढील काळात त्यांचे राजकारण सीमेच्या प्रश्नाकडून विकासाच्या प्रश्नाकडे वळले. मांडवी नदीवरील पूल १९७० साली वाहतुकीस खुला झाला व पणजी उत्तर गोव्याशी रस्त्याने जोडली गेली. त्याच वर्षी कला अकादमीची स्थापना झाली. संगीत, नाट्य व भजनाला मिळालेल्या या राजाश्रयाचे महत्त्व निराळे आहे. ज्या समाजाची कला देवळाच्या चौकात सेवा म्हणून रुजू होत होती आणि कलावंताला मात्र प्रतिष्ठा नव्हती, त्याच समाजातील एका पुत्राच्या कारकिर्दीत त्या कलेला सन्मानाचे व्यासपीठ मिळाले. खेळांवरही, विशेषतः फुटबॉलवर, त्यांचे प्रेम होते, आणि त्यांच्या नावाचा सुवर्णचषक गोमंतकीय क्रीडारसिकांच्या परिचयाचा आहे.

सत्तेचा मार्ग निष्कंटक नव्हता. १९७० साली पक्षातीलच काही आमदारांनी त्यांच्याविरुद्ध बंड केले. कारभार एका व्यक्तीभोवती फिरतो, सहकाऱ्यांचे ऐकले जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. या तक्रारीत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. भाऊसाहेबांचा स्वभाव आज्ञा करण्याचा होता. उद्योजकाच्या पेढीवर जे शोभते ते मंत्रिमंडळात नेहमी शोभत नाही. पक्षाची बांधणी व्यक्तिनिष्ठ राहिली आणि दुसरी फळी उभी करण्याकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले गेले नाही. संयुक्त गोवन्स पक्षातील काही सदस्यांच्या पाठिंब्याने मंत्रिमंडळ तरले. ज्या पक्षाशी जनमत कौलात हाडवैर झाले, त्याच पक्षातील सदस्यांचे साहाय्य घेण्याची वेळ यावी, ही राजकारणाची विचित्र गती म्हणावी लागेल. १९७२ च्या निवडणुकीत मात्र मतदारांनी पुन्हा निःसंदिग्ध निवाडा दिला : महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला अठरा आणि संयुक्त गोवन्स पक्षाला दहा जागा. बंडाचे उत्तर भाऊसाहेबांनी लोकांकडून मिळवले.

हा तिसरा विजय उपभोगण्यास आयुष्य मात्र पुरले नाही. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. मिरामारच्या किनाऱ्यावर, मांडवी जेथे सागराला मिळते तेथे, त्यांची समाधी आहे. त्यांच्या ज्येष्ठ कन्या शशिकलाताई काकोडकर यांनी मुख्यमंत्रिपद स्वीकारले व १९७९ पर्यंत वडिलांची धोरणे पुढे नेली. १९८० च्या निवडणुकीत पक्षाची सत्ता गेली. एका थोर व्यक्तीच्या छायेत वाढलेल्या पक्षाला ती छाया सरल्यावर पूर्वीचे बळ राखता आले नाही, हा धडा सर्वच संस्थांनी, देवस्थान समित्यांनीसुद्धा, ध्यानी घेण्याजोगा आहे.

कालौघात अनेक वाद मिटले. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली व मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य बनला. विलीनीकरणाचा प्रश्न इतिहासजमा झाला. भाऊसाहेबांच्या कार्यातील जे उरले ते या वादांपलीकडचे आहे. जन्माने ठरलेली पायरी मताच्या पेटीपाशी उरत नाही, हा अनुभव त्यांनी गोमंतकाला दिला. ज्यांचे पूर्वज देवळाच्या चौकात सेवेकरी म्हणून उभे होते, त्यांच्यापैकी एकाने सचिवालयात राज्याची सूत्रे सांभाळली आणि तेथून ज्यांचे खंड कमी केले त्यांच्याही मुलांसाठी शाळा, रस्ते व पूल बांधले.

महाजन म्हणून आपल्याला वारशाने हक्क मिळाले. ते कायद्याने आजही आपल्याकडे आहेत. १९३३ ची नियमावली अद्याप चालू आहे. पण हक्काबरोबर येणारी जबाबदारी वारशाने मिळत नाही, ती प्रत्येक पिढीने नव्याने उचलावी लागते. देवस्थानच्या उत्सवात वाद्य वाजवणारा, पालखीचा भोई, फुले आणणारा, मंडप घालणारा, दिवट्या धरणारा, या साऱ्यांना आपण कोणत्या मानाने वागवतो, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी देवस्थानच्या निधीतून काय करतो, हे प्रश्न भाऊसाहेबांच्या चरित्राने आपल्या पुढ्यात ठेवले आहेत. कुळकायद्याच्या काळात आपल्या वाडवडिलांना जे सोसावे लागले त्याची आठवण ठेवावीच. पण त्या कायद्याची गरज का निर्माण झाली, याचीही आठवण तिच्या शेजारी राहावी. जमिनीचे उत्पन्न घटल्यावर देवळे ओस पडली नाहीत. महाजनांच्या वर्गण्या, भाविकांच्या देणग्या आणि सर्व समाजांच्या सेवेने ती उभी राहिली. देवाचा संसार सर्वांच्या हातांनी चालतो, हे सत्य त्यातून सिद्ध झाले.

लोकांवर विश्वास ठेवणाऱ्या आणि लोकांचा विश्वास मिळवणाऱ्या या कर्तृत्ववान गोमंतकपुत्राच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. त्यांनी उघडलेल्या शाळांतून शिकलेल्या पिढ्यांचे कल्याण होवो आणि श्रींच्या चरणी सर्व समाजांची सेवा समान मानाने रुजू होवो, हीच प्रार्थना.